कॉम्प्युटरचा स्क्रीन वाचायचा कसा: खिडक्या, बटणं, मेनू आणि बाकी मंडळी

बऱ्याच घरांत कॉम्प्युटरशेजारी एक वही असते. त्यात लिहिलेलं असतं, निळ्या चित्रावर दोनदा क्लिक, मग वर डावीकडे पहिलं, मग खालून तिसरं, मग ओके. दोन-चार महिने हे छान चालतं आणि मग एक दिवस अपडेट येतो, खालून तिसरं जे होतं ते पाचवं होतं आणि अख्खी वही बाराच्या भावात जाते. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना कॉम्प्युटर दाखवताना मी आता पहिलं कामच हे करतो, की वही मिटायला लावतो. कारण स्क्रीनवर दिसणाऱ्या गोष्टींचे प्रकार फार तर पंधरा-वीस आहेत आणि त्यातला प्रत्येक प्रकार, तुम्ही क्लिक करायच्या आधीच, आपण काय करणार आहोत ते सांगत असतो. ते बघायची सवय लागली की बँकेची साइट असो, वर्ड असो नाहीतर विजेच्या बिलाचा फॉर्म, सगळीकडे तीच मंडळी भेटतात.

मी खाली जे सांगतोय ते विंडोज १० आणि ११ समोर धरून, कारण आपल्याकडे घरी आणि सायबर कॅफेत बहुतेक तेच असतं. मॅकवर जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

आधी बाण बघा

माउस हलवला की जो बाण फिरतो त्याला पॉइंटर म्हणतात, आणि त्याचा आकार बदलतो याकडे लोकांचं लक्षच नसतं. साधा बाण असेल तर नेहमीसारखं. वेबसाइटवर बोट दाखवणारा हात झाला तर तिथे लिंक आहे, एकदाच क्लिक करायचं. इंग्रजी आय अक्षरासारखी उभी काडी झाली तर खाली मजकूर आहे, तिथे टाइप करता येईल किंवा तो निवडता येईल. दोन्हीकडे टोकं असलेला बाण झाला तर तुम्ही एखाद्या खिडकीच्या कडेवर आहात, दाबून ओढलं तर खिडकी लहानमोठी होईल. आणि निळं वर्तुळ गरगरायला लागलं तर कॉम्प्युटर कामात आहे, अशा वेळी पुन्हा पुन्हा क्लिक करू नका, कारण ते सगळे क्लिक साठून राहतात आणि वर्तुळ थांबलं की एकदम लागू होतात, मग एका प्रोग्रामच्या चार खिडक्या उघडतात. या वर्तुळाच्या जागी पूर्वी वाळूचं घड्याळ असायचं, विंडोज व्हिस्टापासून ते गेलं.

एक घोळ इथेच मिटवू. टाइप करताना जी उभी रेघ उघडझाप करते ती वेगळी आणि माउसची काडी वेगळी. अक्षरं उमटणार ती उघडझाप करणाऱ्या रेघेपाशी, माउस कुठेही असला तरी. म्हणजे नुसता माउस तिथे नेऊन उपयोग नाही, एकदा क्लिक करून ती रेघ तिथे आणावी लागते. "मी टाइप करतेय पण काहीच येत नाहीये" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

एकदा, दोनदा, उजवं आणि ओढणं

डेस्कटॉपवरच्या आणि फोल्डरमधल्या चित्रांना, म्हणजे आयकॉनना, एक क्लिक केलं तर ते फक्त निवडलं जातं, दोनदा पटपट केलं तर उघडतं. बाकी जवळजवळ सगळीकडे, बटण असो, मेनू असो, लिंक असो, टास्कबार असो, एकच क्लिक पुरतं. सवयीने वेबसाइटवरच्या सबमिटच्या किंवा पैसे भरायच्या बटणावर डबल क्लिक करणारे खूप जण आहेत, तेवढं मात्र टाळा, साइट नीट बनवलेली नसेल तर फॉर्म दोनदा जाऊ शकतो.

ज्यांचा हात थरथरतो किंवा डबल क्लिक जमत नाही त्यांनी हट्ट करू नये. आयकॉनवर एकदा क्लिक करा आणि कीबोर्डवरचं एंटर दाबा, झालं, तेच काम. डबल क्लिक हळू झालं तर फाइलच्या नावाभोवती चौकट येते आणि नाव निळं होतं, म्हणजे विंडोजला वाटलं तुम्हाला नाव बदलायचंय. घाबरू नका, कीबोर्डवरचं एस्केप (Esc) दाबा, नाव होतं तसं राहतं.

उजवं क्लिक म्हणजे "याचं काय काय करता येईल" असा प्रश्न. ज्या गोष्टीवर कराल तिच्यापुरती यादी उघडते. नुसती यादी उघडल्याने काही बिघडत नाही, त्यामुळे नवीन प्रोग्राम समजून घ्यायचा असेल तर इथेतिथे उजवं क्लिक करून बघत जा, बाहेर क्लिक केलं की यादी बंद. विंडोज ११ मध्ये ही यादी छोटी केलीये आणि जुने अर्धे पर्याय तळाशी "शो मोअर ऑप्शन्स" च्या आत ढकललेत, हे कुणाला सुचलं देवजाणे.

ओढणं जरा जपून. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढली आणि दोन्ही एकाच ड्राइव्हवर असतील तर ती हलते, म्हणजे जुन्या जागी राहत नाही, पण पेन ड्राइव्हवर ओढली तर तिची कॉपी होते. हे लक्षात ठेवायची गरज नाही, माउसचं उजवं बटण दाबून ओढा, सोडल्यावर कॉम्प्युटरच विचारेल की कॉपी करू का हलवू. आणि ओढता ओढता वाटलं की नको, तर बटण सोडायच्या आधी एस्केप. सोडून झालं असेल तर कंट्रोल आणि झेड, फाइल परत जागेवर. कंट्रोल झेड फक्त वर्डमध्ये चालतं असं लोकांना वाटतं, फोल्डरमध्येही चालतं.

पत्त्यांचा सॉलिटेअर आठवतोय ना, १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला तो. पत्ते उचलायचे, ओढायचे, दुसऱ्यावर ठेवायचे. लोकांचा हात माउसवर बसावा हा त्यामागचा एक हेतू होता असं सांगतात. आजही कुणाला ओढणं जमत नसेल तर मी खेळायलाच बसवतो, धडे देण्यापेक्षा ते बरं.

डेस्कटॉप, टास्कबार आणि तो छोटा बाण

डेस्कटॉपवरच्या काही आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण असतो. तो असेल तर ते शॉर्टकट आहे, खरी वस्तू दुसरीकडे आहे, हा नुसता तिथे न्यायचा रस्ता. तो डिलीट केला तर प्रोग्राम जात नाही. आणि तो पेन ड्राइव्हवर टाकून झेरॉक्सवाल्याकडे नेला तर तिथे उघडत नाही, कारण तुम्ही फाइल नेलीच नाही. बाण नसेल आणि ती तुमची फाइल किंवा फोल्डर असेल तर ती खरी वस्तू, जपून.

डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जातं आणि तिथून उजवं क्लिक करून रिस्टोअर करता येतं हे बहुतेकांना माहिती असतं. पण पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं सहसा बिनमध्ये जात नाही, थेट जातं. शिफ्ट दाबून डिलीट केलं तरी तसंच.

खालची पट्टी म्हणजे टास्कबार. तिच्यावरच्या ज्या चित्राखाली छोटी रेघ आहे तो प्रोग्राम चालू आहे. उजव्या टोकाला घड्याळ, वायफाय, आवाज, बॅटरी, आणि तिथेच वर टोक केलेला एक बारीक बाण असतो, त्यात लपून बसलेले प्रोग्राम असतात. "बंद केलं तरी चालूच आहे" असा प्रोग्राम शोधायचा तर तिथे बघा. विंडोज ११ मध्ये स्टार्टचं बटण मध्ये सरकलंय, सेटिंग्जमधून परत डावीकडे नेता येतं आणि माझ्या मते न्यावंच, कारण कोपऱ्यातली गोष्ट न बघता सापडते, माउस नुसता डावीकडे खाली भिरकावला की पोचला.

खिडकी

प्रत्येक प्रोग्राम आपल्या खिडकीत उघडतो. सगळ्यात वरची पट्टी म्हणजे टायटल बार, तिच्यावर बहुतेक वेळा प्रोग्रामचं किंवा फाइलचं नाव असतं, आणि खिडकी हलवायची तर ही पट्टी धरूनच ओढायची. उजव्या कोपऱ्यात तीन बटणं. आडवी रेघ म्हणजे मिनिमाइज, खिडकी खाली टास्कबारवर जाऊन बसते पण चालूच राहते, तुमचं अर्धवट काम तसंच असतं. मधला चौकोन पूर्ण स्क्रीनभर करतो, आणि स्क्रीनभर असेल तेव्हा तिथे एकामागे एक दोन चौकोन दिसतात, ते दाबलं की परत पहिल्या आकारात. फुली म्हणजे बंद. गायब झालेली खिडकी बंद झाली की नुसती खाली गेली हे टास्कबारवरच्या रेघेवरून कळतं, त्यासाठी प्रोग्राम पुन्हा उघडायची गरज नाही.

मॅकवर ही बटणं डावीकडे, लाल, पिवळं, हिरवं. तिथे लाल दाबून खिडकी बंद होते पण बरेच प्रोग्राम आत चालू राहतात, पूर्ण बंद करायला कमांड आणि क्यू. शिवाय मॅकवर मेनूची पट्टी खिडकीत नसते, स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला असते आणि पुढे जो प्रोग्राम असेल त्याप्रमाणे बदलते. विंडोजवरून मॅकवर गेलेला माणूस पहिला आठवडा इथेच अडखळतो.

दोन खिडक्या शेजारी शेजारी लावणं ही एक गोष्ट प्रत्येकाने आजच शिकावी. कीबोर्डवरचं विंडोजचं, म्हणजे चार चौकोनांच्या चित्राचं, बटण दाबून डावा बाण, खिडकी डाव्या अर्ध्यात बसते. दुसरी खिडकी उजव्या अर्ध्यात. आता एकीकडे आधारची पीडीएफ आणि दुसरीकडे फॉर्म, बघून बघून भरा, दहा वेळा इकडून तिकडे उड्या मारायला नकोत आणि आकडेही चुकत नाहीत.

ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोमसारख्या वेबसाइट उघडायच्या प्रोग्राममध्ये, कधी कधी वरची पट्टी, टॅब, पत्ता सगळंच गायब होतं आणि नुसतं पान उरतं. बहुतेक वेळा एफ अकरा चुकून दाबलेलं असतं, परत दाबा. काही लॅपटॉपवर त्यासाठी एफएन (Fn) धरावं लागेल.

मेनू काय सांगतो

हा भाग सावकाश वाचा, इथे सगळ्यात जास्त खुणा दडलेल्यात.

मेनूतली एखादी ओळ फिकट राखाडी दिसते, क्लिक करून काही होत नाही. ती बिघडलेली नाहीये, आत्ता ते करता येण्यासारखं काही नाही एवढाच अर्थ. पेस्ट फिकट आहे म्हणजे अजून काही कॉपी केलेलं नाही. कट आणि कॉपी फिकट आहेत म्हणजे काही निवडलेलं नाही. फॉर्मच्या तळाचं सबमिट फिकट आहे म्हणजे वर काहीतरी भरायचं राहिलंय किंवा "मला अटी मान्य" वर टिक नाही. त्यामुळे फिकट बटणावर चिडून दहा क्लिक मारण्यापेक्षा "याला काय हवंय" असं विचारा आणि वर शोधा.

ओळीच्या शेवटी तीन टिंबं असतील, क्रोमच्या मेनूत प्रिंटपुढे असतात तशी, तर त्याचा अर्थ ती ओळ दाबल्या दाबल्या काम होणार नाही, आधी एक चौकट उघडून तुम्हाला विचारणार. म्हणजे अशी ओळ बिनधास्त दाबून बघा, पटलं नाही तर कॅन्सल. सगळे प्रोग्राम हा नियम पाळत नाहीत, पण जिथे टिंबं आहेत तिथे विचारतात हे खरं. ओळीच्या शेवटी उजवीकडे टोक केलेला बाण असेल तर आत अजून एक यादी आहे. पुढे टिक असेल तर ती गोष्ट आत्ता चालू आहे, पुन्हा दाबली की बंद होईल. आणि उजवीकडे कंट्रोल एस वगैरे लिहिलेलं असतं तो त्याच कामाचा कीबोर्डचा रस्ता, वेगळा पाठ करायची गरज नाही, रोज मेनूत दिसत राहतो आणि आपोआप बसतो.

ऑफिस २००७ पासून वर्ड-एक्सेलमध्ये मेनूऐवजी चित्रांची रुंद पट्टी आली, रिबन म्हणतात तिला. तिच्यावर होम, इन्सर्ट असे टॅब. एखाद्या चित्राचं काम कळलं नाही तर क्लिक न करता माउस नुसता त्याच्यावर थांबवा, क्षणभराने छोट्या चौकटीत नाव येतं. आणि पट्टीवरच्या बऱ्याच गटांच्या उजव्या तळाच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण असतो, तो दाबला की जुनी सविस्तर चौकट उघडते. ओळींमधलं अंतर, समास असल्या गोष्टींसाठी मी थेट तिथेच जातो. रिबनच गायब झाली आणि नुसती टॅबची नावं उरली तर कुठल्या तरी टॅबच्या नावावर डबल क्लिक झालेलं असतं, परत डबल क्लिक करा.

वेबसाइट आणि ॲपमध्ये मेनू बऱ्याचदा चित्रामागे लपवलेला असतो. तीन आडव्या रेघा, तीन टिंबं किंवा दातेरी चाक, यातलं काहीतरी कोपऱ्यात सापडतंच. एखादा पर्याय दिसत नाही म्हणजे तो नाहीच असं धरून चालू नका, आधी हे तीन शोधा.

फॉर्म भरताना भेटणारी मंडळी

आपल्याकडे कॉम्प्युटरवर बसायचं निम्मं कारण फॉर्म असतं, परीक्षेचा, दाखल्याचा, रेल्वेचा.

गोल ठिपका, म्हणजे रेडिओ बटण, यातलं एकच निवडता येतं. जुन्या गाड्यांच्या रेडिओला दाबायची बटणं असायची, एक आत गेलं की आधीचं टुणकन बाहेर, तिथून हे आलंय. म्हणून चुकीचं निवडलं तर ते पुसायला जाऊ नका, पुसलं जात नाहीच, सरळ बरोबर असलेलं दाबा. चौकोन, म्हणजे चेकबॉक्स, यात हवे तेवढे निवडा, पुन्हा दाबलं की टिक जाते. गोल दिसला की एक आणि चौकोन दिसला की कितीही, एवढं डोक्यात ठेवा, प्रश्न वाचायच्या आधीच अर्धं कळतं. कधी चौकोनात टिकऐवजी आडवी रेघ असते, त्याचा अर्थ आतले काही निवडलेत आणि काही नाहीत. आणि त्या बारीक चौकोनावर नेम धरत बसू नका, बहुतेक ठिकाणी शेजारच्या शब्दांवर क्लिक केलं तरी चालतं.

आधीच टिक केलेले चौकोन मात्र संशयाने बघा. एखादा फुकट प्रोग्राम टाकताना नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलं की सोबत दोन नको असलेले प्रोग्राम येतात ते असेच. तिकीट काढताना विमा, देणगी, जाहिरातीचे ईमेल, सगळे तिथेच बसलेले असतात.

ड्रॉपडाउन म्हणजे खाली टोकाचा बाण असलेली चौकट, दाबली की यादी उघडते. जिल्ह्यांची यादी लांबलचक असते आणि लोक चाक फिरवत बसतात. इंग्रजी यादी असेल तर ती उघडून नुसतं एस दाबा, सांगली, सातारा, सिंधुदुर्ग, सोलापूर यांच्यापाशी उडी मारते, परत परत एस दाबलं की पुढचं पुढचं. एक धोका सांगून ठेवतो, यादी बंद झाली पण ती चौकट अजून निवडलेली आहे आणि तुम्ही पान खाली न्यायला माउसचं चाक फिरवलंत, तर काही प्रोग्राममध्ये पान न हलता निवड बदलते आणि कळतही नाही. म्हणून निवडून झालं की पानावर रिकाम्या जागी एकदा क्लिक करायचं, मग चाक. सबमिटच्या आधी ड्रॉपडाउन पुन्हा एकदा वाचून घ्यायचेच.

तारखेच्या चौकटीत टाइप करण्याआधी फिकट अक्षरात काय लिहिलंय ते बघा, आधी दिवस की आधी महिना. जन्मतारीख निवडायला कॅलेंडर उघडलं आणि १९५८ पर्यंत महिना महिना मागे जायची वेळ आली तर थांबा, वरच्या वर्षाच्या आकड्यावर क्लिक करा, बहुतेक कॅलेंडरमध्ये वर्षांची यादी उघडते. लाल तारा असलेला रकाना सक्तीचा, बाकीचे नाही भरले तरी चालतात. पासवर्डच्या चौकटीत ठिपके दिसणारच, शेजारी डोळ्याचं चित्र असेल तर ते दाबून अक्षरं बघता येतात, आजूबाजूला कोण आहे ते बघून काय ते करा.

सरकवायचा टॉगल स्विच नवीन आहे, फोनमुळे कॉम्प्युटरवर आला. चेकबॉक्स आणि टॉगलमध्ये महत्त्वाचा फरक हा की टॉगल सरकवलं की सहसा लगेच लागू होतं, ओके किंवा सेव्ह शोधत बसू नका. रंग भरला की चालू.

एका रकान्यातून दुसऱ्यात जायला माउस नकोच, कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाबा. मागे यायला शिफ्ट धरून टॅब. गोल ठिपक्यांमध्ये बाणांनी फिरता येतं, चौकोनावर स्पेसबार दाबला की टिक. एकदा याची सवय झाली की माउसने फॉर्म भरणारा माणूस बघवत नाही.

मधेच उघडणाऱ्या चौकटी

डायलॉग बॉक्स उघडला की मागची खिडकी काही करू देत नाही, क्लिक केलं की टिंग असा आवाज येतो. लोक म्हणतात कॉम्प्युटर हँग झाला. हँग नाही झालेला, कुठेतरी एक चौकट तुमच्या उत्तराची वाट बघतेय, कधी ती दुसऱ्या खिडकीच्या मागे गेलेली असते, आल्ट धरून टॅब दाबत शोधा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चौकट म्हणजे बंद करताना येणारी, सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सल. सेव्ह म्हणजे साठवून बंद. डोन्ट सेव्ह म्हणजे शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं गेलं. कॅन्सल म्हणजे बंदच करायचं नाही, परत कामावर. गोंधळ उडाला तर कॅन्सल, मग शांतपणे विचार करा. सेटिंगच्या चौकटीत ओके आणि अप्लाय दोन्ही असतात, दोन्हींनी बदल लागू होतो, फक्त ओके चौकट बंद करतं आणि अप्लाय उघडी ठेवतं. म्हणजे आधी अप्लाय मग ओके असं दोन्ही दाबायची गरज नाही, पण कित्येक जण वर्षानुवर्षं दाबतात, दाबू देत.

चौकटीतलं एक बटण रंग भरलेलं किंवा जाड कडेचं असतं. एंटर दाबलं तर तेच दाबलं जाणार. एस्केप दाबलं तर बहुतेक वेळा कॅन्सल. टाइप करता करता अचानक चौकट आली आणि तुमचा एंटर तिच्यावर पडला, असं होतं कधी कधी, म्हणून की-बोर्डकडे बघून टाइप करणाऱ्यांनी अधूनमधून वर बघावं.

आता खोट्या चौकटी. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा, असलं काहीतरी भोंगा वाजवत येतं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे, मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलंय की त्यांच्या चेतावणीत कधीच फोन नंबर नसतो, नंबर दिसला की समजायचं लुच्चेगिरी आहे. तिच्यातल्या कुठल्याच बटणाला, फुलीलासुद्धा, हात लावू नका. स्क्रीन भरून टाकली असेल तर एस्केप दाबून धरा, मग आल्ट आणि एफ चार. तेही नाही चाललं तर कंट्रोल, आल्ट, डिलीट एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर निवडून एंड टास्क.

वेबसाइट "नोटिफिकेशन पाठवू का" म्हणून विचारते ती चौकट मात्र खरी असते, ब्राउझरची, पत्त्याच्या पट्टीला लटकलेली. उत्तर ब्लॉक. बातम्यांच्या साइटना अलाउ केलेल्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दिवसभर काय काय उगवतं ते मी बघितलंय.

स्क्रोल बार

छोटी गोष्ट. उजवीकडच्या पट्टीतला सरकता ठोकळा जेवढा लहान तेवढं पान लांब, आणि तो पट्टीत कुठे आहे त्यावरून तुम्ही किती खाली आलात ते कळतं. अटी आणि नियमांचं पान किती मोठं आहे हे त्यावरून आधीच दिसतं. विंडोज ११ मध्ये ही पट्टी काही ठिकाणी इतकी बारीक होते की दिसतच नाही, मग माणसाला वाटतं पान संपलं आणि खालचं बटण सापडत नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात व्हिज्युअल इफेक्ट्स, तिथे पट्टी कायम दाखवायचं टॉगल आहे, ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर मी ते पहिलं चालू करतो. अक्षरं बारीक वाटत असतील तर ब्राउझरमध्ये कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबत जा, कंट्रोल आणि शून्य दाबलं की मूळ आकार.

हे सगळं आलं कुठून

थोडक्यात सांगतो, कारण यामुळे सगळे प्रोग्राम एकसारखे का दिसतात ते कळतं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी लोकांसमोर माउस चालवून दाखवला, त्याचा पहिला नमुना लाकडी होता. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत आल्टो नावाचा कॉम्प्युटर बनला, खिडक्या आणि माउसवाला. कट, कॉपी, पेस्टवर तिथेच लॅरी टेसलर यांनी काम केलं. मग १९८१ मध्ये झेरॉक्सचा स्टार, त्यात डेस्कटॉप, फोल्डर, आयकॉन. १९८३ मध्ये ॲपलचा लिसा, १९८४ मध्ये मॅकिंटॉश, १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती, आणि स्टार्ट बटण, टास्कबार आणि कोपऱ्यातली फुली १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर. त्याआधीच्या विंडोजमध्ये खिडकी बंद करायला डाव्या कोपऱ्यात डबल क्लिक करायचे, आणि गंमत म्हणजे आजही बऱ्याच प्रोग्राममध्ये डाव्या कोपऱ्यातल्या चित्रावर डबल क्लिक केलं की खिडकी बंद होते. सेव्हचं फ्लॉपीचं, म्हणजे फाइली साठवायच्या जुन्या चौकोनी डिस्कचं, चित्रही जुन्या काळातलं, आता फ्लॉपी कुणी बघितलेली नाही पण चित्र हटत नाही.

फोनवर मदत मागताना

पुण्यात नाहीतर अमेरिकेत बसलेल्या मुलाला फोन करून "ते आलंय बघ काहीतरी, काय करू" म्हटलं की दोघांचंही डोकं फिरतं. त्याला स्क्रीन दिसत नाहीये. त्यामुळे याच क्रमाने सांगा. खिडकीच्या वरच्या पट्टीवर काय नाव आहे. मधे चौकट उघडलीये का, असेल तर तिच्यातला मजकूर जसाच्या तसा वाचा, अर्थ सांगू नका, इंग्रजी येत नसेल तर अक्षरं वाचा. खाली बटणं कोणती आहेत, सगळी. त्यातलं फिकट कोणतं. माउसच्या जागी बाण आहे की वर्तुळ फिरतंय. एवढं सांगितलंत तर तो बहुतेक वेळा एका वाक्यात सांगेल काय दाबायचं ते. विंडोजचे मेनू मराठीत करता येतात, पण फोनवर मदत घ्यायची असेल तर इंग्रजीच ठेवा असं मी सांगतो, पलीकडच्याला इंग्रजी नावंच पाठ असतात.

त्याहून सोपं म्हणजे फोटो पाठवणं. विंडोजचं बटण, शिफ्ट आणि एस एकदम दाबा, स्क्रीन अंधुक होतो, हवा तेवढा भाग माउसने ओढून निवडा, मग व्हॉट्सॲप वेब उघडून मेसेजच्या रकान्यात कंट्रोल आणि व्ही. अकाउंट नंबर, ओटीपी असलं काही स्क्रीनवर असेल तर तेवढा भाग निवडीच्या बाहेर ठेवा.